विजयालक्ष्मी पंडित : मतं मोजता येणारी राजदूत

चौकस

विजयालक्ष्मी पंडित हे नाव निघालं की दोनच गोष्टी सांगितल्या जातात: नेहरूंची बहीण आणि संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेची पहिली महिला अध्यक्ष. दोन्ही खरंच आहे, पण त्यातून बाई हाती लागत नाहीत. मला त्यांच्या आयुष्यातला क्रम महत्त्वाचा वाटतो. आधी नगरपालिका, मग विधानसभा, मंत्रिपद आणि त्यानंतर वकिलात. परराष्ट्र खात्यात फायली चाळत वर चढलेल्या त्या नव्हत्या. सभागृहात बसून कोण आपला, कोण परका आणि कोण ऐनवेळी चहा प्यायला बाहेर जाणार, हे ओळखण्याची सवय घेऊन त्या परदेशात गेल्या. माझं म्हणणं असं की जिथे मतदान होतं तिथे त्या जिंकल्या आणि जिथे मतदानच नव्हतं तिथे चाचपडल्या. पटतंय का बघा.

जन्म १८ ऑगस्ट १९०० चा, अलाहाबादचा. माहेरचं नाव स्वरूपकुमारी, घरात 'नान'. १९३४-३५ च्या सुमारास अलाहाबाद नगरपालिकेवर निवडून आल्या आणि शिक्षण समितीचं काम पाहिलं. १९३७ मध्ये कानपूरकडच्या मतदारसंघातून संयुक्त प्रांताच्या विधानसभेला उभ्या राहिल्या. समोर सर जे. पी. श्रीवास्तव यांच्या पत्नी होत्या. श्रीवास्तव म्हणजे कानपूरचे बडे उद्योगपती आणि प्रांताचे मंत्री राहिलेले, म्हणजे पैसा आणि सरकार दोन्ही पलीकडे. तरी बाई निवडून आल्या. गोविंद वल्लभ पंतांच्या मंत्रिमंडळात त्यांना स्थानिक स्वराज्य आणि आरोग्य ही खाती मिळाली. ब्रिटिश हिंदुस्थानात मंत्री झालेली ती पहिली स्त्री. गटारं, पाणी, दवाखाने, साथीचे रोग, असला सगळा कारभार. १९३९ मध्ये महायुद्धाच्या प्रश्नावर काँग्रेसची मंत्रिमंडळं बाहेर पडली तेव्हा त्यांचंही मंत्रिपद गेलं. सत्याग्रहात एकूण तीन वेळा तुरुंग झाला.

जानेवारी १९४४ मध्ये पती रणजित पंडित गेले. तुरुंगात तब्येत ढासळली होती, सुटल्यावर ती सावरली नाही. पदरी तीन मुली, मुलगा नाही. मिळकतीवरून सासरच्यांशी वाद झाला आणि मुलगा नसलेल्या विधवेची बाजू तेव्हाच्या कायद्यात लंगडीच होती. त्या वर्षाअखेर त्या अमेरिकेला निघाल्या. निरोप घ्यायला गेल्या तेव्हा गांधींनी पहिला प्रश्न हाच केला, की सासरच्यांशी समेट केलास का. बाई चिडल्याच. पण जाण्याआधी समेट केला. हे लक्षात ठेवा, कारण याचाच दुसरा भाग पुढे न्यूयॉर्कला घडला.

१९४५ च्या सॅन फ्रान्सिस्को परिषदेला हिंदुस्थानचं अधिकृत शिष्टमंडळ होतं, पण ते ब्रिटिशांनी नेमलेलं: रामस्वामी मुदलियार, फिरोजखान नून, व्ही. टी. कृष्णमाचारी. बाईंकडे ना पद, ना परिषदेत बसायला खुर्ची. त्या बाहेर सभा घेत, पत्रकारांशी बोलत आणि आत बसलेली मंडळी आमची नव्हेत असं सांगत फिरल्या. वर्तमानपत्रांनी त्यांना भरपूर जागा दिली.

आता खरी गोष्ट. दक्षिण आफ्रिकेने १९४६ मध्ये हिंदी लोकांच्या जमीन खरेदीवर आणि राहण्याच्या जागांवर बंधनं घालणारा कायदा केला. त्याविरुद्धची तक्रार संयुक्त राष्ट्रांकडे जून १९४६ मध्ये गेली, म्हणजे व्हाइसरॉयच्या सरकारच्या काळात. सप्टेंबरात हंगामी सरकार आलं आणि आमसभेतल्या शिष्टमंडळाचं नेतृत्व बाईंकडे आलं. बरोबर मुंबईचे न्यायमूर्ती एम. सी. छागलाही होते. समोर दक्षिण आफ्रिकेचे पंतप्रधान जनरल स्मट्स. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेची प्रस्तावना लिहिण्यात ज्यांचा हात होता तेच गृहस्थ आता म्हणत होते, हा आमचा घरगुती मामला आहे, संयुक्त राष्ट्रांना यात बोलायचा अधिकार नाही आणि फार तर आंतरराष्ट्रीय न्यायालयाचं मत घ्या. कायद्याच्या अंगाने हा मुद्दा काही अगदीच पोरकट नव्हता. न्यायालयात गेलं की वर्षं जाणार, हे दोन्ही बाजूंना कळत होतं.

शेवटी फ्रान्स आणि मेक्सिको यांच्या मसुद्यावर ८ डिसेंबर १९४६ ला मतदान झालं. दोनतृतीयांश बहुमत हवं होतं. बाजूने ३२, विरुद्ध १५, तटस्थ ७. गणित करून पाहा, तटस्थ धरायचे नाहीत: ४७ मतांचे दोनतृतीयांश म्हणजे ३१ पूर्णांक आणि वर थोडं. एक देश इकडून तिकडे गेला असता तर ठराव पडला असता! ब्रिटन आणि अमेरिका विरुद्ध होते. म्हणजे ब्रिटिश अमलातल्या सरकारने केलेल्या तक्रारीला खुद्द ब्रिटननेच विरोध केला. असं एका मताच्या काठावरचं बहुमत नुसत्या भाषणाने जमत नाही, त्यासाठी बाकाबाकापाशी जावं लागतं.

मतदानानंतर त्या स्मट्स यांच्या जागेपाशी गेल्या आणि माझ्याकडून काही दुखावलं असेल तर क्षमा करा असं म्हणाल्या. गांधींनी तसं बजावूनच पाठवलं होतं. स्मट्स यांचं उत्तर बाईंनी पुढे आत्मचरित्रात सांगितलंय. आशय असा, की पोरी, हा विजय पोकळ आहे, या मतदानापायी मी निवडणूक हरेन आणि तुझ्या हाती काहीच लागणार नाही. १९४८ मध्ये स्मट्स खरंच हरले, नॅशनल पार्टीचे मलान आले आणि वर्णभेदाचं अधिकृत राज्य सुरू झालं. म्हातारा निम्मा बरोबर ठरला. उरलेला निम्मा असा, की तो प्रश्न त्यानंतर वर्षानुवर्षं आमसभेच्या पटलावरून हलला नाही.

ऑगस्ट १९४७ मध्ये मॉस्कोला राजदूत. इथे माझा मुद्दा उलट बाजूने दिसतो. स्टॅलिनने त्यांना एकदाही भेट दिली नाही. ज्या राज्यात एकच मत मोजायचं असतं तिथे सभागृहातलं कसब काय कामाचं? घरी चर्चा झाली ती वकिलातीसाठी स्टॉकहोमहून आणलेल्या फर्निचरच्या खर्चाची.

१९४९ ते ५१ वॉशिंग्टन, १९५२ मध्ये लखनौहून लोकसभा आणि सप्टेंबर १९५३ मध्ये आमसभेचं अध्यक्षपद. तीही लढत झाली होती, बिनविरोध काही नव्हतं. समोर थायलंडचे राजपुत्र वान. मतं ३७ विरुद्ध २२. मग १९५४ ते ६१ लंडनला उच्चायुक्त. पुढचं प्रतिसादांत येईलच, माझी बोटं दुखली.

टवाळ पाखरू

लेख झकास. पण एक साधा प्रश्न. भाऊ पंतप्रधान, भाऊच परराष्ट्रमंत्री, आणि बहीण मॉस्को, वॉशिंग्टन, लंडन. मतं मोजता येणाऱ्या बायका देशात दुसऱ्या नव्हत्या का?

चौकस

पाखरूशेठ, प्रश्न रास्तच आहे. १९४७ नंतरच्या नेमणुकांवर मी पांघरूण घालणार नाही. सख्ख्या बहिणीला एकामागून एक तीन मोठ्या राजधान्या, हे आज कुणी केलं तर आपण काय काय बोलू! पण १९३७ ची निवडणूक भावाने नेमून दिलेली नव्हती. आणि १९४५ च्या वसंतात बाई सॅन फ्रान्सिस्कोत बोलत होत्या तेव्हा भाऊ अजून कैदेतच होता. अहमदनगरच्या किल्ल्यातून मार्चअखेर हलवला तरी सुटका जूनमध्ये झाली. त्या वेळी वशिला लावणार कुणाकडे, जेलरकडे?

टवाळ पाखरू

जेलर आवडला. पण आडनाव तर बरोबर होतं ना. अमेरिकेत 'नेहरूंची बहीण' म्हणूनच गर्दी जमत असणार.

बांद्याचा बाप्पा

आडनाव बरोबर होतं खरं, पण ते पंडित होतं आणि आमच्या कोकणातलं! हे लेखात राहूनच गेलं म्हणून लिहितो. रणजित सीताराम पंडित यांचं घराणं मूळचं बांबुळीचं, आत्ताच्या सिंधुदुर्गातलं. मंडळी काठेवाडात राजकोटला स्थायिक झाली. त्याच घराण्यातले शंकर पांडुरंग पंडित हे वेदांचे मोठे अभ्यासक. १८६९ ची तुकारामगाथेची जी सरकारी प्रत आहे, तिच्या संपादनावर त्यांचीच देखरेख होती. स्वतः रणजित बॅरिस्टर आणि संस्कृतचे पंडित. कल्हणाच्या 'राजतरंगिणी'चं त्यांनी इंग्रजी भाषांतर केलं, त्यातलं बरंचसं काम तुरुंगात. म्हणजे घरात राजकारण सासर-माहेर दोन्हीकडून होतं, पण ग्रंथ मात्र सासरचे.

स्वरूपकुमारीची विजयालक्ष्मी झाली तीही सासरच्या रीतीप्रमाणे, लग्नात नाव बदलून. लग्नाची तारीख १० मे १९२१. मेरठच्या १८५७ च्या उठावाचा तो दिवस. मुहूर्त काढताना कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं, पण अलाहाबादेत काँग्रेसची मंडळीही त्याच सुमारास जमली होती आणि गोऱ्या कुटुंबांनी धसका घेतला, की हे लग्नाचं निमित्त करून बंड करतात की काय!

रेवती सा.

माझं लक्ष मिळकतीच्या वादावर अडकलं. चौकस, तुम्ही दोन ओळींत उरकलंत ते. आरोग्यमंत्री राहिलेली, तीनदा तुरुंगात गेलेली, १९४१ पासून दोन वर्षं अखिल भारतीय महिला परिषदेची अध्यक्ष असलेली बाई. आणि नवरा गेल्यावर तिला नवऱ्याच्याच घरच्या मिळकतीसाठी कायद्यापुढे हात जोडून उभं राहावं लागतं. मोठ्या मुली अमेरिकेत वेलस्लीला शिकत होत्या. अमेरिकेच्या दौऱ्याकडे आपण देशकार्य म्हणून पाहतो, ते होतंच, पण मुलींना भेटणं आणि व्याख्यानांवर चार पैसे कमावणं हेही त्यात होतं. यात कमीपणा काय?

विधवेला आणि मुलींना वारसा देणारा हिंदू उत्तराधिकार कायदा १९५६ मध्ये आला. तेव्हा बाई लंडनमध्ये होत्या. एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीला मुलाइतका हक्क मिळायला तर २००५ उजाडलं.

आणि समेटाबद्दल एक बोलू का? गांधींचा सल्ला थोर असेल, पण ज्यांनी वाटा नाकारला त्यांच्याशी समेट करायला सांगायचं ते नाकारलेल्या बाईलाच. मला तरी हे पचत नाही.

चौकस

रेवतीताई, बाईंना स्वतःलाही आधी पचलं नव्हतं. मात्र पुढे त्यांनी हा प्रसंग सांगितला तो कडवटपणे नाही. वाटा मिळाला नाही तरी मनातलं ओझं उतरलं, असा त्याचा सूर आहे. तुमचा आक्षेप त्याने मिटत नाही, हे कबूल.

दप्तरी

लंडनच्या खुर्चीबद्दल पुरवणी. तिथले पहिले चार उच्चायुक्त ओळीने बघा: कृष्ण मेनन, बाळासाहेब खेर, विजयालक्ष्मी पंडित, एम. सी. छागला. परराष्ट्र सेवेतला एकही नाही. मेनन लंडनच्याच सेंट पँक्रस भागात अनेक वर्षं नगरसेवक होते. खेर १९३७ मध्ये मुंबई इलाख्याचे पंतप्रधान झाले (तेव्हा प्रांताच्या मुख्यमंत्र्याला पंतप्रधानच म्हणत), १९४६ ते ५२ पुन्हा तेच, आणि मग लंडन. म्हणजे १९३७ मध्ये एक मुंबईत आणि एक लखनौत कारभार शिकत होते, आणि १९५४ मध्ये एकाने दुसरीच्या हाती लंडनच्या वकिलातीच्या किल्ल्या दिल्या. खेरांवर स्वतंत्र धागा हवा. रत्नागिरीत जन्मलेल्या त्या सॉलिसिटरबद्दल आपल्याला मोरारजींच्या आधीचे एवढंच माहीत असतं.

बाईंची लंडनची सात वर्षं सोपी नव्हती. १९५६ मध्ये सुएझ कालव्यावरून युद्ध झालं. ब्रिटनच्या हल्ल्याचा दिल्लीने कडक निषेध केला आणि तो लंडनमध्ये बसून यांना निभवावा लागला. त्याच आठवड्यांत हंगेरीत रशियाचे रणगाडे शिरले आणि त्यावर दिल्लीची जीभ चटकन उचलली गेली नाही. दोन्ही एकाच वेळी इंग्रजांना समजावून सांगायचं, म्हणजे काय झालं असेल! लंडनमधूनच आयर्लंड आणि पुढे स्पेनचाही कार्यभार त्यांच्याकडे होता. हुकूमशहा फ्रँकोच्या स्पेनचा. ज्या भावाने १९३८ मध्ये बार्सिलोनाला जाऊन प्रजासत्ताकवाल्यांना पाठिंबा दिला, त्याच्याच सरकारचं अधिकारपत्र बहिणीने फ्रँकोकडे नेलं.

सडेतोड

सगळे गोडगोड बोलतायत म्हणून मीच विचारतो. सुरक्षा परिषदेची कायम जागा अमेरिका देत होती आणि नेहरूंनी नाकारली. निरोप याच बाईंनी दिला होता. त्यावर काही?

दप्तरी

त्यावर पत्रंच आहेत, म्हणून पत्रांवरच बोलू. २४ ऑगस्ट १९५० ला बाईंनी वॉशिंग्टनहून भावाला कळवलं, की चीनची (म्हणजे तैवानकडे असलेली) जागा काढून ती भारताला द्यावी असा विचार अमेरिकी परराष्ट्र खात्यातले काहीजण बोलून दाखवत आहेत. नावं डलेस आणि जेसप यांची. त्याच पत्रात त्या लिहितात, की भारतात याचं फारसं स्वागत होणार नाही, जरा सबुरीने घ्या, असं मी त्यांना सुचवलं. ३० तारखेला नेहरूंचं उत्तर: भारत त्या जागेला पात्र आहे, पण चीनला बाहेर ठेवून ती आम्हाला नको.

आता हा 'देकार' होता की चाचपणी, हे तुम्ही ठरवा. सनद बदलायची तर पाचही कायम सदस्यांची संमती लागते. रशियाचा प्रतिनिधी बहिष्कार संपवून १ ऑगस्टलाच परिषदेत परतला होता आणि नकाराधिकार त्याच्या हातात होता. कोरियात युद्ध पेटलेलं. माझ्या मते मिळण्यासारखं त्यात फारसं काही नव्हतं.

सडेतोड

मिळालं नसतं म्हणून मागायचंच नाही? मागून नकार मिळाला असता तर तो नकार रशियाच्या नावावर जमा झाला असता. मतं मोजण्याचं एवढं कौतुक चाललंय, मग इथे मोजलीच कुठे?

चौकस

हा वार बरोबर जागी बसला. ऑगस्ट १९५० मध्ये बाईंनी मतं मोजली नाहीत, घरचा कल ओळखला आणि त्यावर थांबल्या. राजदूताने तेवढंच करावं असं कुणी म्हणेल. मला वाटतं, दुसरा कुणी राजदूत असता तर निदान चार ठिकाणी चाचपून मग कळवलं असतं. भाऊ काय म्हणेल हे आधीच माहीत असणं ही सोय होती आणि अडचणही.

वॉशिंग्टनमधलं त्यांचं ठोस काम गव्हाचं. डिसेंबर १९५० मध्ये भारताने २० लाख टन धान्य मागितलं. अमेरिकी काँग्रेसने ते सहा महिने लोंबकळत ठेवलं. कोरियाच्या प्रश्नावर भारत आपल्याबरोबर नाही, मग फुकट धान्य का द्यायचं, असा सूर. शेवटी जून १९५१ मध्ये १९ कोटी डॉलरचं कर्ज म्हणून ते मंजूर झालं.

बांद्याचा बाप्पा

मॉस्कोबद्दल मात्र तुमचं प्रमेय मला डळमळीत वाटतं, चौकसराव. यांच्यानंतर राधाकृष्णन गेले आणि स्टॅलिन त्यांना जानेवारी १९५० मध्ये भेटला. त्याचं कारण बाईंना जमलं नाही आणि तत्त्वज्ञाला जमलं असं नाही. १९४७ मध्ये मॉस्कोला आपलं स्वातंत्र्यच खोटं वाटत होतं, नेहरू म्हणजे इंग्रजांचा माणूस. दोन वर्षांत वारं फिरलं. त्या काळात तिथे कुणीही गेलं असतं तरी दारातच बसलं असतं.

शेवंता

महाराष्ट्राचं कुणीच लिहीत नाही म्हणून मी लिहिते. नोव्हेंबर १९६२ ते ऑक्टोबर १९६४ त्या आपल्या राज्यपाल होत्या. चीनचं युद्ध नुकतंच थांबलेलं, यशवंतराव त्याच महिन्यात संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले, कन्नमवार मुख्यमंत्री झाले. वर्षभराने, २४ नोव्हेंबर १९६३ ला, कन्नमवार पदावर असतानाच वारले. पी. के. सावंतांनी काही दिवस काम पाहिलं आणि ५ डिसेंबरला वसंतराव नाईकांचा शपथविधी झाला. पुढची अकरा वर्षं ज्यांनी राज्य चालवलं ते मुख्यमंत्री झाले तेव्हा राज्यपाल होती ही कोकणची सून.

राजभवनात त्यांचा जीव रमला असेल असं वाटत नाही. जन्मभर व्यासपीठावर असलेल्या बाईला फिती कापायला लावलं. मे १९६४ मध्ये नेहरू गेले आणि काही महिन्यांत यांनी राज्यपालपद सोडून फुलपूरची पोटनिवडणूक लढवली. भावाचाच मतदारसंघ. निवडून आल्या, १९६७ मध्ये पुन्हा आल्या.

टवाळ पाखरू

भावाचाच मतदारसंघ! मी काय म्हणत होतो!!

शेवंता

म्हणा हो. पण एवढं घराणं-घराणं करता तर शेवटचा अंक पण बघा. लोकसभेत त्यांनी स्वतःच्याच पक्षाच्या सरकारवर, शास्त्रीजी पंतप्रधान असताना, निर्णय घेत नाही म्हणून टीका केली. इंदिराबाईंशी जमलं नाही ते नाहीच. १९६८ मध्ये खासदारकी सोडून डेहराडूनला जाऊन राहिल्या. आणीबाणी आली, आणि १९७७ च्या निवडणुकीत, वयाच्या ७६ व्या वर्षी, बाई घराबाहेर पडून सख्ख्या भाचीच्या विरोधात सभा घेत फिरल्या. तेव्हा भाऊ नव्हता, पद नव्हतं, आणि भाची हरेल याची खात्री जानेवारीत तरी कुणालाच नव्हती.

टवाळ पाखरू

हे माहीत नव्हतं. म्हणजे कानपूर १९३७ आणि हे, दोन्ही वेळा सरकार समोरच्या बाजूला.

रेवती सा.

लेकही मागे नव्हती. नयनतारा सहगल यांनी आणीबाणीच्या काळात मामेबहिणीविरुद्ध उघड भूमिका घेतली. जनता सरकारने पुढे बाईंना संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगावर पाठवलं. १९७९ मध्ये आत्मचरित्र आलं, १ डिसेंबर १९९० ला डेहराडूनला गेल्या.

सडेतोड

राष्ट्रपतिपदासाठीही १९७७ मध्ये त्यांचं नाव चर्चेत होतं ना?

दप्तरी

होतं. पण पक्षांनी आपसांत जुळवून नीलम संजीव रेड्डींना बिनविरोध निवडून दिलं. मतदान झालंच नाही.

चौकस

बघा, मतदान नव्हतं. बाप्पा, आता तरी प्रमेय मान्य करा!

बांद्याचा बाप्पा

मॉस्को सोडून मान्य. खेरांवरचा धागा कोण काढतंय, दप्तरी?